नर्सिंग होमची पारख दाखल होण्याआधी करायची

वसई-विरारमध्ये घरातले माणूस अपरात्री आजारी पडले की आपण काय करतो? मिळेल ती रिक्षा थांबवतो आणि रिक्षावाला नेईल तिथे जातो. नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरने ज्याचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले आहे, त्या नर्सिंग होमचा जिना चढतो. काउंटरवर एकच प्रश्न विचारतो, डिपॉझिट किती भरायचे? पुढचे सगळे त्यांच्यावर सोडून देतो.

तांदूळ घेताना आपण दाणा चावून बघतो. भाड्याची खोली घेताना पाणी किती वाजता येते, लाईटबिल वेगळे का, हे चार जणांना विचारतो. ज्या ठिकाणी म्हाताऱ्या आईला किंवा बाळंतीण सुनेला ठेवायचे, त्या ठिकाणाची पारख मात्र काचेचा दरवाजा, एसी आणि 'डॉक्टरच्या हाताला यश आहे' या ऐकीव बोलण्यावर करतो. सलाईन लगेच लावले म्हणजे उपचार चांगला, असे अजूनही आपल्यातले कित्येक जण धरून चालतात.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नर्सिंग होममध्ये सेवा कशी मिळते याची पारख सामान्य माणसालाही करता येते. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. पण ती आजारपण येण्याआधी करावी लागते आणि एकट्या घराने करण्यापेक्षा वस्तीने मिळून केली तर टिकते.

विरारची ती पहाट

२३ एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. एसीमध्ये बिघाड होऊन ती भडकली असे तेव्हा सांगण्यात आले. पहिल्याच दिवशी १३ रुग्णांचा मृत्यू नोंदवला गेला. जे स्वतःच्या पायाने उठू शकत नव्हते, तेच त्या खोलीत होते.

त्याआधी त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली होती. मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमधल्या हॉस्पिटलला आग लागली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण दगावले. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या विवेक विहारमधल्या बाळांच्या एका खासगी हॉस्पिटलला आग लागून सात नवजात बाळे गेली. त्या हॉस्पिटलच्या परवान्याची मुदत दोन महिने आधीच, ३१ मार्चला, संपली होती असे चौकशीत पुढे आले.

ही यादी घाबरवण्यासाठी दिलेली नाही. हॉस्पिटल सरकारी असो की खासगी, तिथे गेलेला माणूस आजारानेच दगावतो असे नाही, तिथल्या व्यवस्थेनेही दगावतो, हे लक्षात यावे म्हणून दिली आहे. दिल्लीचा तो परवाना एखाद्या बापाने भिंतीवर वाचला असता तर? त्याने वाचला नाही यात त्याची चूक नाही. वाचायचा असतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आपल्यालाही कुणी सांगितलेले नाही. म्हणून हे पान.

भिंतीवर काय असले पाहिजे

महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठी १९४९ सालापासून कायदा आहे. पूर्वी तो मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा म्हणून ओळखला जायचा, आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा म्हणतात. आपल्याकडे ही नोंदणी वसई-विरार शहर महानगरपालिकेचा आरोग्य विभाग करतो. नोंदणी तीन वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण करावे लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यावर नाव, मुदत आणि किती खाटांना परवानगी आहे ते लिहिलेले असते. परवानगी दहा खाटांची आणि आत अठरा खाटा, पॅसेजमध्येही दोन, असे दिसले तर समजून घ्या की माणसे कमी आणि रुग्ण जास्त आहेत.

२०२१ साली या कायद्याचे नियम सुधारले. त्यानुसार दोन गोष्टी लोकांना दिसतील अशा लावायच्या आहेत. पहिली, रुग्ण हक्कांची सनद. दुसरी, दरपत्रक, म्हणजे खाटेचे भाडे, डॉक्टरची फी, नर्सिंगचे पैसे असे दर. तुम्ही ज्या नर्सिंग होममध्ये गेला होतात तिथे हे दोन कागद पाहिल्याचे आठवते का? गणपतीचा फोटो, सत्काराचे फोटो, नेत्यांबरोबरचे फोटो आठवतात. हे दोन कागद आठवत नाहीत. काही ठिकाणी ते असतात, पण दाराच्या मागे किंवा मुंगीएवढ्या अक्षरात.

आगीबद्दल २००६ चा वेगळा कायदा आहे. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यावे लागते. आपण प्रमाणपत्र मागायला गेलो तर कदाचित दाखवणार नाहीत. पण डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी कुणी लपवू शकत नाही. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? की त्या जिन्यात गाद्या, खोकी, तुटक्या खुर्च्या भरल्या आहेत? लाल सिलिंडर भिंतीला आहे का आणि त्याच्यावरच्या चिठ्ठीची तारीख उलटून गेली आहे का? खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या ठोकल्या आहेत का? आपल्याकडे अनेक नर्सिंग होम खाली दुकाने आणि वर घरे अशा इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. तिथे लिफ्ट बंद पडली तर स्ट्रेचर जिन्याने उतरते का, हे उभे राहून बघितले तरी कळते.

अडीच हजार वर्षांपूर्वीची कसोटी

कागद झाले. आता माणसांकडे येऊ, कारण सेवा माणसे करतात.

विनयपिटकातली एक कथा आपल्यातल्या बहुतेकांनी विहारात ऐकली आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून समजावले की आजाऱ्याची सेवा करणे म्हणजे बुद्धाचीच सेवा करणे.

ही कथा आपण सांगतो, पण तिच्या पुढचा भाग सहसा सांगत नाही. आजाऱ्याची सेवा करायला कोण योग्य, याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. त्याला औषध नीट तयार करून देता आले पाहिजे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळले पाहिजे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी चांगल्या शब्दांनी त्याने आजाऱ्याला धीर दिला पाहिजे.

आजच्या कोणत्याही हॉस्पिटलचा दर्जा मोजायचा तर याहून वेगळे काय मोजणार? एकेक लक्षण घेऊन बघू.

औषध. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर नर्सिंग शिकलेल्या आहेत का? जीएनएम किंवा एएनएमचे शिक्षण घेतलेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. औषध देताना त्या रुग्णाचे नाव विचारून, कागद बघून देतात का? रात्री ड्युटीवर कोणता डॉक्टर असतो, त्याची पदवी काय, नोंदणी क्रमांक काय? बोर्डावर पाच मोठ्या डॉक्टरांची नावे असतात, पण ते दिवसातून एकदा येऊन जातात. रात्री दोन वाजता श्वास लागला तर कोण धावत येणार, हा खरा प्रश्न आहे. बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या आपल्या शहरातून अधूनमधून येतच असतात, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पथ्यापथ्य. खाटेजवळ ताप, बीपी, लघवीची नोंद ठेवण्याचा कागद असतो. तो दर काही तासांनी भरला जातो की सकाळी एकदम सगळा भरला जातो? मधुमेहाच्या रुग्णाला काय खायला द्यायचे हे कुणी सांगते का? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. तुमच्या म्हाताऱ्याला आठ दिवसांत अशा जखमा झाल्या तर त्याचा दोष नेहमी त्याच्या वयाला देऊ नका.

मैत्रीभाव. डिपॉझिट संपले की सिस्टरच्या बोलण्याचा सूर बदलतो का? पत्ता सांगितला, आडनाव सांगितले, की नजर बदलते का? हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. रुग्ण हक्कांच्या सनदेत भेदभावाशिवाय उपचार मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. जातीवरून हॉस्पिटलात, दवाखान्यात प्रवेश अडवणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. प्रवेश कुणी उघडपणे अडवत नाही, पण सगळ्यात शेवटी बघणे, 'तुम्हा लोकांना कळत नाही' असे म्हणणे, एकेरी बोलणे हे चालूच असते. ते सेवेच्या दर्जातच मोजले पाहिजे.

किळस न येणे, म्हणजे स्वच्छता. सिस्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना हात धुतात किंवा सॅनिटायझर लावतात का? लघवीची पिशवी जमिनीवर लोळते आहे का? ती रुग्णाच्या पोटापेक्षा खाली, पण जमिनीला न लागता टांगलेली असावी. हाताला लावलेली सलाईनची सुई लाल झाली, सुजली, तर सांगितल्यावर लगेच बदलतात का? कचऱ्याच्या डब्यांचे रंग बघा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्यात, नळ्या आणि सिरिंज लाल डब्यात, सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्यात जायला हव्यात. सगळे एकाच काळ्या पिशवीत जात असेल तर उद्या तीच सुई आपल्याच सफाई कामगार भावाच्या हातात घुसणार आहे.

धीर देणे. डॉक्टर आपल्या भाषेत आजार समजावतात का? ऑपरेशनआधी धोका काय, दुसरा मार्ग काय, खर्च किती, हे सांगून मगच सही घेतात, की कोऱ्या फॉर्मवर 'इथे, इथे आणि इथे' म्हणून सह्या घेतात? कोऱ्या कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो आपला हक्क आहे.

त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचीही लक्षणे सांगितली आहेत, तीही विसरू नयेत. औषध वेळेवर घेणे, पथ्य पाळणे आणि सेवा करणाऱ्याला आजार खराखुरा सांगणे. दारू पितो, टीबीची गोळी अर्ध्यावर सोडली, आधी दुसऱ्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतले, हे लपवून ठेवले आणि मग डॉक्टरला दोष दिला, तर ते न्यायाचे नाही.

गणवेशातल्या आपल्याच मुली

आता एक गोष्ट, जी या पानावर बोलली गेली पाहिजे. या नर्सिंग होममध्ये पांढरा किंवा निळा कोट घालून फिरणारी 'सिस्टर' बऱ्याचदा आपल्याच वस्तीतली मुलगी असते. बारावी झालेली, घरची परिस्थिती बेताची. महिनाभर बघून बघून सुई टोचायला शिकलेली. पगार अगदी थोडा, ड्युटी बारा तासांची, कधी सलग दोन. आया मावशी आपल्यातली, वॉर्डबॉय आपल्यातला, सफाईवाला आपल्यातला.

सेवा वाईट मिळाली की आपण सगळा राग या मुलीवर काढतो. मालक समोर नसतो, ती असते. पण न शिकवता तिच्या हातात इंजेक्शन देणारा, नोंदणी असलेली नर्स ठेवायला जास्त पगार लागतो म्हणून तिला ठेवणारा वेगळाच असतो. चूक झाली तर रुग्णाचा जीव जातो आणि पोलिसांच्या कागदावर नाव तिचे येऊ शकते. म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. रुग्ण म्हणून आपण शिकलेली नर्स मागितलीच पाहिजे. आणि समाज म्हणून आपल्या मुलींना एएनएम, जीएनएमच्या खऱ्या, मान्यताप्राप्त कॉलेजात पाठवले पाहिजे. सहा महिन्यांत 'नर्सिंग'चे सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. जीएनएम तीन वर्षांचा आणि एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याहून छोटा रस्ता सांगणारा फसवतो आहे.

पैसा आणि कागद

वस्तीतले घर आजाराने जितके खचते त्याहून जास्त बिलाने खचते. बचत गटाचे कर्ज, भिशी, मंगळसूत्र, मग व्याजाचे पैसे, या पायऱ्या आपल्याला पाठ आहेत. म्हणून दाखल होण्याआधी दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत.

पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथे लागू आहे का? आता ही योजना पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण ती फक्त योजनेत सामील असलेल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळते. अशा हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवायचे. योजनेतल्या उपचाराला वरून पैसे मागत असतील तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते. गल्लीतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस पैसे भरून, मग योजनेच्या हॉस्पिटलात हलवण्याची वेळ कितीतरी घरांवर येते. तो खर्च पहिल्याच दिवशी विचारले असते तर वाचला असता.

दुसरी, घरात कुणी वालीव, सातिवलीच्या कारखान्यात कामाला आहे का? पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीला लागू असेल तर पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात सगळ्या कुटुंबाचे उपचार येतात. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांच्या काळात या आरोग्य विम्याचा पाया घातला गेला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. पैसे कापले जातात आणि कार्ड कपाटात पडून राहते, हे आपण थांबवले पाहिजे.

शिवाय, धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. मुंबईच्या मोठ्या, नावाजलेल्या हॉस्पिटलांपैकी अनेक यात येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला असला तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

आणि कागद. रोज किती बिल झाले ते विचारा. प्रत्येक वस्तूचे वेगळे बिल मागा, 'इतर खर्च' असा एकच आकडा मान्य करू नका. औषध त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती करता येत नाही. केसपेपर, रिपोर्ट, नोंदी यांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत दिली पाहिजे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. बिलाचे पैसे राहिले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. आणि अपघाताचा, जिवावर बेतलेला रुग्ण आला तर आधी उपचार, पोलीस आणि पैसे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. ते सरकारी डॉक्टरलाही लागू आहे आणि खासगी डॉक्टरलाही.

'आम्हाला निवड कुठे आहे?'

हे वाचून कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारले तर आत घेणारच नाहीत. आणि निवड करायला आपल्याजवळ आहे काय?

या बोलण्यात तथ्य आहे. बारा लाखांहून जास्त लोकसंख्या तर २०११ च्या जनगणनेतच मोजली गेली होती. आता शहर त्याहून कितीतरी फुगले आहे. महापालिका २००९ साली झाली. वसईचे सर डी. एम. पेटिट आणि नालासोपारा पूर्वेचे तुळिंज ही महापालिकेची रुग्णालये आहेत, पण तिथली गर्दी आपण बघतोच. जरा गंभीर झाले की कांदिवलीचे शताब्दी, नाहीतर थेट नायर, केईएम. हायवेला ट्रॅफिक लागला तर ॲम्ब्युलन्समध्येच जीव जातो. या मोकळ्या जागेत नर्सिंग होम उगवली आहेत. त्यातले कित्येक डॉक्टर मनापासून काम करणारे आहेत, कोरोनाच्या काळात दार बंद न करणारेही होते. त्यांची या लेखाने अडचण होणार नाही. ज्यांचे कागद भिंतीवर आहेत त्यांना प्रश्नांची भीती नसते.

पण निवड नाही म्हणून पारख सोडायची, हे पटत नाही. निवड कमी असते तेव्हा पारख जास्त लागते. आणि एकटा माणूस रात्री दोन वाजता प्रश्न विचारू शकत नाही हे खरे असले, तरी महिला मंडळाच्या पाच जणी दिवसा अकरा वाजता विचारू शकतात.

तक्रार कशी करायची

राग आला की काच फोडायची, हा मार्ग आपल्या पोरांनी सोडून द्यावा. २०१० च्या कायद्याने हॉस्पिटलात मारहाण किंवा तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. काच फुटली की ज्याची चूक होती तो फिर्यादी होतो आणि ज्याचे माणूस गेले तो आरोपी. पुढे केस उभीच राहत नाही.

त्यापेक्षा कागदाने लढा. पहिली तक्रार नर्सिंग होमला लेखी, पोच घेऊन. दुसरी महापालिकेच्या आरोग्य विभागाला, कारण नोंदणी तेच देतात. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही माहिती मिळते. प्रत्येक वाईट निकाल हा निष्काळजीपणा नसतो, हेही ध्यानात ठेवा. डॉक्टरने सगळे नीट करूनही माणूस जाऊ शकतो. म्हणूनच कागद हवेत. कागद बघितल्यावरच दोन्हीतला फरक कळतो.

विहारातली वही

आमची सूचना साधी आहे. येत्या वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन करू, तेव्हा एका रविवारी वंदनेनंतर आरोग्याचा तास ठेवा. विहारात एक जाड वही ठेवा. वस्तीपासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या प्रत्येक नर्सिंग होमला एक पान द्या. महिला मंडळाच्या चार-पाच जणींनी, बरोबर एक शिकलेला मुलगा घेऊन, दिवसा जाऊन एवढेच टिपून आणायचे:

१. नोंदणीचे प्रमाणपत्र लावले आहे का? मुदत कधीपर्यंत? खाटा किती?
२. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसते का?
३. रात्री कोणता डॉक्टर असतो? नोंदणीकृत नर्स किती?
४. दुसरा जिना मोकळा आहे का? आग विझवण्याचे सिलिंडर आहेत का?
५. कचऱ्याचे डबे रंगांप्रमाणे आहेत का? संडास स्वच्छ आहे का?
६. फुले योजना, ईएसआयसी चालते का?
७. ऑक्सिजन आणि लाईट गेल्यावर जनरेटरची सोय आहे का?
८. गंभीर झाल्यास रुग्ण कुठे पाठवतात, ॲम्ब्युलन्स कुणाची?

मग जो जो तिथे राहून येईल, त्याने त्याच पानावर दोन ओळी लिहायच्या. काय चांगले, काय वाईट, बिल किती. चांगले असेल तर तेही लिहायचे, मनापासून लिहायचे. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, स्वतः बघितलेले तेवढेच, तारीख घालून. रुग्णाचा आजार लिहायचा नाही, तो त्याचा खासगी विषय आहे. वर्षभरात ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाची होईल. वहीच्या पहिल्या पानावर १०८ हा ॲम्ब्युलन्सचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा.

ही वही झाली आपल्या बाजूने. महापालिकेकडूनही मागायचे आहे. नोंदणी असलेल्या प्रत्येक नर्सिंग होमची यादी, मुदत आणि खाटांच्या संख्येसह, प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर मोठ्या फलकावर लावा. जानेवारी आणि जुलैचे आगीचे प्रमाणपत्र कुणी दिले, कुणी नाही, हे त्याच फलकावर लिहा. आणि या सगळ्याच्या वर, नालासोपारा-विरार पूर्वेच्या वस्त्यांना पुरेल असे सरकारी रुग्णालय द्या. खासगी नर्सिंग होम कितीही चांगले झाले तरी गरिबाचा शेवटचा आधार सरकारी खाटच आहे. ही मागणी निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे विहाराच्या लेटरहेडवर ठेवली पाहिजे.

आपण ज्या शहरात राहतो त्याच्या पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप आहे. दर बुद्ध पौर्णिमेला आपण तिथे जातो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच लेखमालेतला दुसरा लेख गिरनारला पूर्ण वाचायला मिळतो. राजाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केली, जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे आणून लावल्या, असे त्यात कोरलेले आहे. आजाऱ्याची काळजी घेणे हे राज्याचे काम आहे, हे या मातीला बावीसशे वर्षांपासून ठाऊक आहे. ते काम राज्याकडून करून घेणे आपल्या हातात आहे. सुरुवात या रविवारी, एका वहीने करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!